ओ कुणी द्यायची

आमच्या भागात त्या काळी भेटलेल्या माणसाला ‘कसा आहेस?’ असं विचारत नसत. ‘तुझा दिवस कुठला?’ असं विचारत. परक्याला वाटायचं, उपासाचा वार विचारताहेत. विचारायचे ते हिवाचा, म्हणजे हिवतापाचा दिवस. हीव एकाआड एक दिवस यायचं, ठरल्या वेळेला यायचं, आणि कॅसलरॉकच्या गाड्यांपेक्षा जास्त नेमानं यायचं. ‘उद्या माझा दिवस आहे, परवा येतो’ म्हटलं की पुढं कुणी आग्रह करत नसे. लाकडाच्या डेपोतला मुकादम तर गड्यांच्या दोन टोळ्याच पाडायचा. आज हीव असलेले आणि उद्या हीव असलेले. आजचे घोंगडी घेऊन सावलीला कुडकुडत पडायचे, उद्याचे ओंडके ओढायचे, दुसऱ्या दिवशी उलट. काम कधी थांबलं नाही.

शहरातले लोक हे ऐकून हसतात. त्यांना एकदा चैत्रात त्या रानात नेऊन ठेवावं असं मला फार वाटतं. तिथं दुपारी वारा पडला की पानसुद्धा हलत नाही, आणि माणूस आपण होऊन हळू बोलायला लागतो. तिथल्या लोकांच्या समजुती तिथंच बसून तपासाव्यात, धारवाडच्या गॅलरीत चहा पीत तपासू नयेत. मी दोन्ही ठिकाणी बसून पाहिलं आहे.

मी आणि माझा आतेभाऊ एकाच वयाचे. मूळचे गुंद गावाकडचे. माझे आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा आत्तीनं मला नेलं. आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात. तिचा नवरा कॅसलरॉकच्या डेपोत होता आणि एक दिवस गाडीवर चढवताना सुटलेल्या ओंडक्याखाली गेला. ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्यानं आत्तीला डेपोच्या मागची खोली राहू दिली आणि शब्द दिला की पोरगं मोठं झालं की मापाऱ्याची जागा तुमच्या घरातल्या एकाला. मापारी म्हणजे प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि घेर टेपनं मोजून सांगायचा आणि टोकावर हातोड्यानं शिक्का मारायचा.

पोरं मोठी झाली तेव्हा घरात मॅट्रिक झालेले दोघं होते आणि दोघांनाही धारवाडला कॉलेजात जायचं होतं. जागा एकच. आत्ती त्या ठेकेदार शेटकडं गेली. शेट म्हणाला, “मला टेप धरायला एक माणूस पाहिजे. तो आज कोण आणि उद्या कोण, ते तुमचं तुम्ही बघा.”

मग आम्ही बघितलं. आठवड्याचे पहिले तीन दिवस एक जण डेपोत, दुसरा कॉलेजात. उरलेले तीन दिवस उलट. अदलाबदल लोंढ्याच्या फलाटावर व्हायची, कारण जाणाऱ्याच्या आणि येणाऱ्याच्या गाडीची तिथं गाठ पडायची. डेपोतून येणाऱ्यानं टेप द्यायचा, धारवाडहून येणाऱ्यानं तिथल्या खोलीची किल्ली आणि वही द्यायची. वेळ असला तर तेवढ्यात आतेभाऊ मला तीन दिवसांचं गणित समजावून द्यायचा. नसला तर गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडून सांगायचा. फलाटावरचे हमाल आम्हाला वेडे समजत. खरं सांगायचं तर ते दिवस मला फार आवडायचे.

तो हुशार होता, मी घोकणारा होतो. ही गोष्ट आमच्या घरात उघड होती आणि मला तिचं काही वाटत नसे. तीन दिवस वर्गात बसून मला जे कळायचं नाही ते त्याला ओंडक्यावर बसून वहीतून कळायचं. गणिताचे प्रोफेसर म्हणाले होते, हा मुलगा इंटरला पहिल्या वर्गात येईल आणि पुढं कुठंही जाईल. आत्तीला पहिला वर्ग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच पाहिजे होतं की नवरा ज्या डेपोत गेला त्या डेपोत मुलाचा जन्म जाऊ नये. माझं काय, मी पास झालो तर झालो. त्याचं व्हायलाच पाहिजे होतं.

अडचण हजेरीची. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नसे, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नसे. आम्ही दोघंही निम्मे दिवस गैरहजर. पण वर्गात नावं घेत नसत, नंबर घेत. त्याचा सतरा, माझा अठरा, लागोपाठ. प्रोफेसर खाली मान घालून खोकायचे आणि इंग्रजीत आकडे वाचायचे. त्यांनी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. जो वर्गात असेल त्यानं सतराला एका आवाजात आणि अठराला दुसऱ्या आवाजात ‘येस सर’ म्हणायचं. त्याचा आवाज काढायला मला दोन दिवस लागले. पोटातून, जरा ओढून. मागच्या बाकावरची मुलं म्हणायची, “अरे, हा इथं एकटा बसून दोन माणसांचा संसार चालवतो.”

दुसऱ्या टर्मच्या मध्यावर आतेभावाला हीव लागलं. डेपोत राहून इतके दिवस कसं लागलं नव्हतं तेच नवल. दुपारी जेवणानंतर रानात सामसूम व्हायची त्या सुमाराला ते यायचं. आधी नखं निळी पडायची, मग दात वाजायचे, मग दोन घोंगड्या आणि वर आत्ती बसली तरी अंग थांबत नसे. एक दिवस असा, दुसरा दिवस साफ बरा, तिसरा पुन्हा असा. तो वाळायला लागला. पोस्टात मिळणारी कोयनेलची, म्हणजे क्विनीनची पुडी आम्ही त्याला द्यायचो. तिनं कान गुंजायचे आणि हीव थोडं उशिरा यायचं, एवढाच फरक.

तेव्हा आत्तीनं हीव चुकवायचं ठरवलं. ही आमच्याकडची जुनी रीत. हिवाच्या दिवशी, त्याची वेळ व्हायच्या आधी, आजाऱ्याचा सदरा मुसळाला घालून ते अंथरुणात निजवायचं आणि वर घोंगडी ओढायची. आजाऱ्यानं दुसऱ्याचे कपडे घालून दुसरीकडं जाऊन बसायचं. घरातल्यांनी मुसळाशी त्याचं नाव घेऊन बोलायचं, खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. हीव येतं ते हाक मारत येतं, आणि ओळखीच्याच आवाजात मारतं. त्या वेळी कुणीही हाक मारली, कितीही वेळा मारली, तरी त्यानं ओ द्यायची नाही. ओ दिली की त्याला कळतं, आपला माणूस कुठं आहे.

मी कॉलेजात जाणारा. मला हसू आलं. आत्ती म्हणाली, “तू हास. पन तोंड दाबून हास.”

तो रविवार होता, म्हणून आम्ही तिघंही कॅसलरॉकला होतो. त्याला माझा सदरा घालून डेपोत, रचलेल्या ओंडक्यांच्या दोन थप्प्यांमधल्या फटीत बसवलं. मी आणि मुकादम समोर सावलीला बसलो. मुकादम विडी ओढत होता. ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. आतून आत्तीचा आवाज येत होता, मुसळाला ती लेकाच्या नावानं ‘नीज बाबा’ म्हणत होती. तेवढ्यात थप्पीच्या पलीकडून मुकादमाच्या आवाजात हाक आली. स्पष्ट, आतेभावाच्या नावाची. मी मुकादमाकडं पाहिलं. विडी त्याच्या ओठांत होती आणि तोंड मिटलेलं होतं.

त्यानंही ती ऐकली, कारण त्यानं माझा हात धरला. हाक पुन्हा आली, या वेळी जरा जवळून, आणि मग आलीच नाही. फटीतून आतेभावानं ओ दिली नाही. त्या दिवशी त्याला हीव आलं नाही. मी नंतर म्हणालो की रानात आवाज फिरून येतो, मुकादमानं सकाळी मारलेली हाक कुठंतरी अडकली असेल. त्या दिवसापासून मुकादमानं डेपोत कुणाला नावानं हाक मारायचं सोडलं. खडा मारून बोलवायचा.

पण चुकवलेलं हीव पुढच्या हिवाच्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर. कधी चुकायचं, कधी सापडायचं. त्यात एक आठवडा आम्ही दोघंही कॅसलरॉकलाच अडकलो, आणि मग माझी धारवाडची पाळी आली. दुपारचा तास गणिताचा. प्रोफेसर खोकले आणि आकडे वाचायला लागले. सतरा आला, मी पोटातून आवाज काढून ‘येस सर’ म्हणालो, अठराला माझ्या आवाजात म्हणालो, आणि तो शब्द तोंडात असतानाच हीव भरलं. दात वाजत होते. समोरच्या मुलाच्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि मी पौषातल्या पहाटेसारखा गारठलो होतो. मुलांनी मला उचलून खोलीवर नेलं.

लोंढ्याला तो मला भेटला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग होता. त्याला त्या दिवसापासून हीव आलं नव्हतं. मी कॅसलरॉकला पोचलो, आत्तीनं माझी नखं पाहिली आणि म्हणाली, “त्येचं हीव तुज्याकडं आलं. चुकवल्यापास्नं ते हाका मारत त्येला हुडकतंय, आनि ओ तू दिलीस.”

“आत्ती, मी कॉलेजात नंबराला ओ दिली.”

“नंबर कुनाचा व्हता?”

“त्याचा.”

“मग?”

“हिवाला इंग्रजी आकडे कळतात होय?”

“मास्तराला कळत्यात, हिवाला न कळायला काय झालं?”

उत्तर रेल्वेच्या डॉक्टराकडं होतं. तो म्हणाला, डास तुम्हा दोघांना सारखेच चावतात, आधी तो पडला, मग तू पडलास, कोयनेल खा आणि गप पड. डॉक्टर बरोबरच असणार. पण लोंढ्याहून धारवाडला गेलेल्या आतेभावानं तिथं वर्गात माझ्या अठराला ‘येस सर’ म्हटलं, आणि त्याच दुपारी कॅसलरॉकला माझं हीव आलं नाही. त्याला आलं.

एकदा असं झालं तर योगायोग म्हणता येतं. आमच्यात ते इतक्या वेळा झालं की आम्ही त्याची सोय लावून टाकली. माणूस कशालाही सरावतो. टेप, किल्ली, वही आणि हीव अशा चार गोष्टींची आम्ही अदलाबदल करत होतो. त्याची चाचणी परीक्षा असली की हीव मी ठेवायचो. डेपोत मालगाडीच्या वाघिणी भरायची घाई असली की तो घ्यायचा. ज्याच्याकडं हीव असेल त्याचा नंबर वर्गात बसलेल्या दुसऱ्यानं घ्यायचा, आणि ज्याचा नंबर घेतला तो सुटायचा. घेणाऱ्यानं आपल्याही नंबराला ओ दिली की हीव त्याला सापडायचं, आणि तो आपल्या नंबराला ओ देत राहिला तर त्याच्यापाशीच राहायचं. फलाटावर आम्ही हसत विचारायचो, “आज कुणाकडं हाय?” आता आठवलं की त्या हसण्याचीच मला भीती वाटते.

एक दुपार मात्र हसण्यासारखी नव्हती. हीव तेव्हा माझ्याकडं होतं आणि मी डेपोत होतो. आतेभावाला गणिताच्या चाचणीचा पेपर होता, म्हणून त्यानं माझा नंबर घ्यायचा नाही असं ठरलं होतं. गडी जेवून झोपले होते. मी एका ओंडक्याला टेप लावत होतो. थप्प्यांच्या पलीकडं कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला. मग प्रोफेसरांचा कोरडा आवाज आला, “एटीन.” मी तोंडावर हात दाबला. पुन्हा खोकला. “एटीन.” कोयनेलनं कान गुंजतात, हे मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात झोपलेल्यांतून मुकादम कोपरावर उठून बसला आणि म्हणाला, “पलीकडं कोन खोकतंय रं?”

पलीकडं जाऊन आम्ही पाहिलं नाही. मुकादमानं इंग्रजीचं अक्षरही ऐकलेलं नव्हतं आणि प्रोफेसरांना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी ओ दिली नाही आणि हीव आलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत मी मुकादमाला सोडून थप्प्यांकडं गेलो नाही.

परीक्षा जवळ आली. परीक्षेला दोघांनाही एकाच वेळी बसायचं होतं, शेटनं तेवढी रजाही दिली होती. आतापर्यंत हीव घेऊन एक जण डेपोच्या आडोशाला पडू शकायचा, आता तो आडोसा नसणार. आम्ही बोटांवर दिवस मोजले तर गणिताचा पेपर नेमका हिवाच्या दिवशी, हिवाच्या वेळेला येत होता. ज्याच्याजवळ हीव असेल तो त्या पेपरातून उठणार. हीव तेव्हा माझ्याकडं होतं आणि मी हळदीसारखा पिवळा झालो होतो.

मी त्याला लोंढ्याला स्पष्ट सांगितलं, “आता माझा नंबर घेऊ नकोस. हे माझ्याजवळ राहू दे. मी तसाही गणितात आपटणारच आहे.” मला यात मोठेपणा वाटत नव्हता. घरातला हुशार माणूस पुढं जावा हा साधा हिशेब होता. त्यानं किल्ली घेतली, टेप दिला आणि तो गाडीत बसला.

तीन दिवसांनी मी लोंढ्याला गेलो. मधल्या माझ्या हिवाच्या दिवशी मला हीव आलं नव्हतं, म्हणून मी रागानंच गेलो होतो. तो गाडीतून उतरला तो ट्रंक घेऊन. खोलीतलं त्याचं सगळं सामान त्यात होतं.

“अठराला ओ दिलीस ना?” मी विचारलं.

“दिली.”

“मग तुला हीव आलं?”

“न्हाई. कारण सतराला दिली न्हाई. आनि हितनं पुढं कशालाच देनार न्हाई.” त्यानं ट्रंक खाली ठेवली. “आपन एकमेकांकडं ढकलतोय म्हनून ते जगतंय. येकानं घ्यायचं आनि ओ बंद करायची. मग ते भायेर उभं ऱ्हाईल.”

“मग मी बंद करतो. तू परीक्षेला बस.”

“तुला जमायचं न्हाई. तू झोपेतसुदा ओ देतोस.”

हे खरं होतं. लहानपणापासून मी झोपेत ओ द्यायचो आणि आत्ती हसायची. पण तेव्हा मला हसू आलं नाही. मी त्याला फलाटावर शिव्या दिल्या. म्हणालो, परीक्षेपुरती ओ दे, हजेरी भर, मग काय करायचं ते कर. तो म्हणाला, एकदा दिली की पेपराच्या दिवशी ते आत असणार, आणि दोघांतल्या कुणाच्या तरी अंगात असणार. त्याचं गणित मला कधीच खोडता आलं नव्हतं. त्यानं माझ्याकडून शब्द घेतला की त्याचा नंबर मीही घ्यायचा नाही. आणि टेप घेऊन कॅसलरॉकच्या गाडीत बसला. त्या दिवशी मी एकटा धारवाडला गेलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोफेसर खोकले. सोळा झाला. “सेव्हन्टीन.” मी बाकाची कड धरून बसलो. “सेव्हन्टीन?” सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, कारण हा आकडा मीच घ्यायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा प्रोफेसरांनी मान वर केली. चष्म्यातून त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग अठरा म्हणाले. मी ‘येस सर’ म्हणालो, आणि पहिल्यांदाच तो माझा एकट्याचा आवाज होता.

त्याची हजेरी अपुरी पडली. टर्म मिळाली नाही. मी परीक्षेला बसलो, गणिताच्या पेपराला मला घामसुद्धा आला नाही, आणि मी पास झालो. हीव मला पुन्हा कधी आलं नाही, त्यालाही आलं नाही. पुढची दोन वर्षं मी धारवाडला राहून बी.ए. झालो ते डेपोतल्या त्याच्या पगारावर. जागा घरातल्या एकाचीच होती आणि तो एक आता कायमचा तो झाला. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घाल म्हणून मी त्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, “हजेरीला ओ द्याया लागती.”

मी खानापूरला शाळेत मास्तर झालो. सुट्टीला कॅसलरॉकला जायचो. तो बोलायचा, हसायचा, माझ्या चुका काढायचा, सगळं पहिल्यासारखं. फक्त हाकेला ओ देत नसे. कुणी पाठीमागून बोलावलं तर वळत नसे, समोर येऊन उभं राहावं लागायचं. लोकांनी त्याला बहिरा ठरवलं. तो बहिरा नव्हता. उलट त्याला आमच्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. एकदा दुपारी आम्ही दोघं दारात बसलो होतो, तो मधेच म्हणाला, “आता तुज्या आवाजात हाक मारालंय.” मी त्याच्या शेजारी बसून भाकरी खात होतो.

“रोज येतं?”

“येकाआड येक. नेमानं.”

यात खरी भरडली गेली ती आत्ती. जेवणवेळ झाली की ती दारातून त्याला हाक मारायची. कुठल्याही आईची हाक असते तशी, शेवटचं अक्षर लांबवलेली. तो यायचा, हात धुऊन पानावर बसायचा, पण डेपोतून ओ ऐकू यायची नाही. ती मला एकदा म्हणाली, “जेवाया येतंय लेकरू, न्हाई आसं न्हाई. पन ओ न्हाई. मला वाटतं, मी मुसळाला हाक मारालीय.” एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून आत गेली. ही रीत तिनंच त्याला शिकवली होती. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही दया यायची. त्या डेपोत मला सुट्टीचे चार दिवस काढवत नसत.

अशी बरीच वर्षं गेली. एका फाल्गुनात तार आली म्हणून मी गेलो. आत्तीनं अन्न सोडलं होतं. तिला दिसत नव्हतं. तो तिच्या उशाशी बसून होता, तिचा हात त्याच्या हातात होता, तरी ती त्याला शोधत होती. दुपार झाली, बाहेर रानातली ती सामसूम पडली. त्याचा तो दिवस होता, आणि वेळही तीच. आत्तीनं त्याच्या नावानं हाक मारली. बारीक, पण शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं. त्यानं तिचा हात दाबला. तिनं पुन्हा मारली. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो तिच्या ओठांकडं बारीक नजरेनं बघत होता. मला कळलं, तो काय बघतोय. आवाज तिच्याच तोंडातून येतोय का, ते बघत होता.

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिचे ओठ हलले की नाही, हे मला सांगता येत नाही.

“ओ, अव्वा,” तो आईला म्हणाला. “ओ. हितंच हाय की मी.”

आत्तीचं तोंड सैल झालं. “कवापास्नं बोलवालीय,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं गेली.

तिचं सगळं करून आम्ही परत आलो. त्यानं रजा मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी घोंगडी काढली, झटकली आणि भिंतीशी अंथरली. त्या दिवशी हिवाची पाळी नव्हती, तरी तो बसला. मला म्हणाला, “तू जा खानापूरला. हे आता माज्याकडं येनार.” मी गेलो नाही. तिसरा दिवस उजाडला, तो पाळीचा. आम्ही दोघांनी थोडं जेवून घेतलं. मी कोयनेलची पुडी जवळ ठेवली. तो भिंतीला टेकून, घोंगडी गुडघ्यापर्यंत ओढून वाट बघत राहिला, स्टेशनावर गाडीची बघतात तशी. त्याची नखं मी सारखी बघत होतो.

वारा पडला. डेपोतले गडी झोपले. मी कान देऊन ऐकत होतो, पण खोकला नाही, हाक नाही, काही नाही. सावली दाराच्या आत आली आणि पुढं सरकली. गडी उठून कामाला लागले. ओंडका गडगडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली.

त्याची नखं तांबूस होती. मी त्याच्या हाताला हात लावला. माझ्यापेक्षा गरम नव्हता.

आणखी एक पाळी आम्ही अशीच बसून काढली. ती टळून गेली तेव्हा तो म्हणाला, “आलंच न्हाई.”

“बरं झालं की,” मी म्हणालो.

तो दाराबाहेर डेपोकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “मग सतराला ओ दिली आसती तर चाललं आसतं, न्हवं?”

मी बी.ए. झालेला, मुलांना रोज प्रश्नांची उत्तरं शिकवणारा माणूस. मी म्हणू शकलो असतो की तेव्हा ते होतं, आता थकून गेलं असेल, तूच त्याला उपाशी मारलंस. म्हणू शकलो असतो की डॉक्टर म्हणाला तेच खरं होतं. मी त्याच्या गुडघ्यावरची घोंगडी काढली आणि घडी घालून ठेवली. तो उठला, खुंटीवरचा टेप घेतला आणि डेपोत गेला.